मांसावर शिक्का बसला, कामगार तसाच राहिला

मा. संपादक,


शोधपत्रकारितेचा विषय निघाला की अप्टन सिंक्लेअर आणि त्याची ‘द जंगल’ ही कादंबरी यांचा दाखला हमखास दिला जातो. एका तरुण लेखकाने शिकागोच्या कत्तलखान्यांतली घाण चव्हाट्यावर आणली, वाचकांना शिसारी आली, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी चौकशी लावली आणि ३० जून १९०६ रोजी मांसतपासणी व शुद्ध अन्न-औषध असे दोन कायदे एकाच दिवशी झाले. या हकिकतीतले काहीही खोटे नाही. पण तिच्यातून एक मोठा भाग नेहमी गळतो. सिंक्लेअरने ज्यांच्यासाठी लेखणी हाती घेतली, त्या कामगारांना या दोन्ही कायद्यांनी जवळपास काहीच दिले नाही.

जुलै १९०४ मध्ये याच कत्तलखान्यांतले कामगार संपावर गेले होते. अकुशल मजुराला ताशी किमान साडेअठरा सेंट मिळावेत, ही त्यांची मुख्य मागणी. सप्टेंबरपर्यंत संप मोडून पडला. त्यानंतर काही आठवड्यांतच २६ वर्षांचा सिंक्लेअर शिकागोत आला. ‘अपील टू रीझन’ या समाजवादी साप्ताहिकाने त्याला लेखनासाठी ५०० डॉलर आगाऊ दिले होते. अंगात जुनेपाने कपडे, हातात जेवणाचा डबा, अशा वेशात तो कारखान्यांतून हिंडला, तेव्हा त्याला कोणी अडवले नाही. सुमारे सात आठवडे त्याने कामगारांच्या वस्तीत माहिती गोळा केली. त्यातून युर्गिस रुडकुस या लिथुआनियाहून आलेल्या मजुराची कथा उभी राहिली. १९०५ मध्ये ती साप्ताहिकात क्रमशः आली आणि फेब्रुवारी १९०६ मध्ये पुस्तकरूपाने. अर्पणपत्रिका अमेरिकेच्या कामगारांच्या नावे आहे. खराब मांसाची वर्णने पुस्तकात थोडीच पाने व्यापतात. बाकीची पाने खारवणीच्या खोल्यांत आम्लाने झडणाऱ्या बोटांची, बेकारीची, घराच्या हप्त्यांत नागवल्या गेलेल्या कुटुंबाची आहेत. आपण नेम धरला होता लोकांच्या काळजावर, लागला मात्र पोटाला, अशी खंत पुढे सिंक्लेअरनेच व्यक्त केली.

पोट आधीच हळवे झाले होते, हेही लक्षात घ्यायला हवे. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात सैनिकांना पुरवलेल्या डबाबंद मांसाचा घोटाळा गाजला होता आणि त्या युद्धात लढलेल्या रूझवेल्ट यांनी स्वतः त्या मांसाविरुद्ध साक्ष दिली होती. कृषी खात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ हार्वे वायली यांनी १९०२ पासून स्वेच्छेने पुढे आलेल्या तरुणांना बोरॅक्स, फॉर्मल्डिहाइड असे परिरक्षक मिसळलेले अन्न देऊन परिणाम नोंदवायला सुरुवात केली होती. महिला मंडळे शुद्ध अन्नाच्या कायद्यासाठी कैक वर्षे झगडत होती. कादंबरी आली ती या सगळ्या तयारीवर. एका पुस्तकाने कायदा केला असे म्हणणे हा या मंडळींवर अन्याय आहे.

रूझवेल्ट यांचा सिंक्लेअरवर पुरता विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी कामगार आयुक्त चार्ल्स नील आणि समाजसुधारक जेम्स रेनॉल्ड्स यांना शिकागोला धाडले. त्यांचा अहवाल आजही अंगावर काटा आणतो. घाणेरड्या लाकडी फरशीवरून फावड्याने गोळा केलेले मांस कुजक्या गाड्यांतून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होते. त्यात धूळ होती, लाकडाच्या ढलप्या होत्या आणि क्षयरोगी कामगारांची थुंकीही होती. एक साफ केलेले, धुतलेले डुक्कर रुळावरून निसटले आणि घसरत पुरुषांच्या संडासात अर्धे शिरले. दोघा कामगारांनी ते उचलले आणि न धुताच पुन्हा टांगून पुढे पाठवले. याच अहवालात कामाच्या खोल्यांना लागून असलेल्या संडासांबद्दल, हात धुण्याच्या सोयीच्या अभावाबद्दल, ओल्या थंड खोल्यांत राबणाऱ्या बायकांबद्दलही लिहिले आहे. म्हणजे कामगार आणि मांस यांची दुर्दशा एकच आहे, हे सरकारी कागदावरच नोंदले गेले होते.

पण संसदेने त्यातली अर्धीच बाजू उचलली. सिनेटर अल्बर्ट बेव्हरिज यांची मांसतपासणीची दुरुस्ती २५ मे रोजी सिनेटमध्ये मंजूर झाली. प्रतिनिधिगृहात कृषी समितीचे अध्यक्ष जेम्स वॉड्सवर्थ यांनी ती रोखून धरली, तेव्हा रूझवेल्ट यांनी ४ जूनला अहवाल जाहीर केला. परदेशी गिऱ्हाईक बिथरले आणि मांसवाले तडजोडीला तयार झाले. तपासणीचा खर्च कारखानदारांनी द्यावा ही बेव्हरिज यांची अट गेली. वर्षाला ३० लाख डॉलर सरकारी तिजोरीतून देण्याचे ठरले. डब्यावर तारीख घालण्याची सक्तीही गेली. मजुरी, कामाचे तास, अपघात यांबद्दल कायद्यात चकार शब्द नव्हता.

हे नकळत घडले असे मानता येत नाही. आदल्याच वर्षी, एप्रिल १९०५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने लॉकनर खटल्यात याच प्रश्नावर निकाल दिला होता. न्यूयॉर्क राज्याच्या १८९५ च्या कायद्याने बेकऱ्यांच्या स्वच्छतेचे नियम घातले होते आणि कामगाराला दिवसाला दहा, आठवड्याला साठ तासांची मर्यादाही घातली होती. पाच विरुद्ध चार मतांनी तासांची मर्यादा रद्द झाली; स्वच्छतेचे नियम राहिले. भटारी किती तास राबतो यावर पावाची शुद्धता अवलंबून नसते, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. वर्षभराने आलेला नील-रेनॉल्ड्स अहवाल हा त्या युक्तिवादाला दिलेला सडेतोड जबाब ठरू शकला असता. क्षयाने खोकणारा माणूस जिथे मांस कापतो, तिथे त्याचे आरोग्य आणि खाणाऱ्याचे आरोग्य वेगळे काढणार कसे?

शुद्ध मांसाचा फायदा गरीब ग्राहकालाही झाला, असा आक्षेप यावर कोणी घेईल. तो रास्तच आहे आणि १९०६ चे मोल कमी करण्याचा इथे हेतू नाही. मात्र किमान वेतन आणि बालमजुरीबंदीचा देशव्यापी कायदा अमेरिकेत टिकला तो १९३८ पासून, आणि कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचा सर्वसाधारण कायदा आला १९७० मध्ये, म्हणजे ६४ वर्षांनी. त्यातले कितीतरी कामगार संघटनांनी लढून मिळवले आहे. खुद्द मांसतपासणीही १९०६ नंतर फक्त राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला लागू होती; ती उणीव १९६७ च्या कायद्याने भरून काढली. त्यावर लिंडन जॉन्सन यांनी सही केली, तेव्हा ८९ वर्षांच्या सिंक्लेअरला व्हाइट हाउसमध्ये खास बोलावले होते.

१९०६ मध्ये सोडून दिलेली बाजू आजही भोवते आहे. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाने मांसाच्या कारखान्यांत थैमान घातले असताना राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ते चालू ठेवले गेले; कामगारांबरोबर काही सरकारी मांसनिरीक्षकही दगावले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने मांस-कारखान्यांच्या सफाईचे कंत्राट घेणाऱ्या एका कंपनीकडून १५ लाख डॉलर दंड वसूल केला. तिने १३ ते १७ वर्षांच्या १०२ मुलांना आठ राज्यांतल्या तेरा कारखान्यांत रात्रपाळीला लावले होते. घातक रसायनांनी करवती आणि यंत्रे धुण्याचे काम ही मुले करत होती.

म्हणून प्रस्तुत पत्रलेखकाची मराठी संपादकांना आणि पत्रकारिता शिकवणाऱ्या प्राध्यापकांना विनंती आहे की, ‘द जंगल’चा दाखला देताना १९०४ चा फसलेला संप आणि १९०५ चा लॉकनर निकाल यांनाही त्याच पानावर जागा द्यावी. लेखणीने काय साधले हे विद्यार्थ्यांना सांगायचे असेल, तर त्या लेखणीच्या मूळ मागणीतले काय बाजूला टाकले गेले आणि कोणाच्या सोयीसाठी, हेही त्यांना विचारायला शिकवावे.

कळावे,
आपला,
एक वाचक, सातारा