पेढ्याची वाटी आणि बर्फीची वाटी

डोहाळजेवणाला दोन वाट्या झाकून ठेवतात. एकींत पेढा, एकींत बर्फी. ओटी भरलेली लेक ज्या वाटीवर हात ठेवील तिच्यावरून पोटांत काय आहे तें सांगायचें. पेढा निघाला कीं बायका टाळ्या पिटतात. बर्फी निघाली तर "पहिली बेटी, धनाची पेटी" असें म्हणून सासूबाई हंसतात. तें हंसणें आम्हीं पाहिलें आहे. दुसऱ्या खेपेला तेवढेंहि कोणी हंसत नाहीं.

सातारा-सांगलीकडे अशा खुणांना तोटा नाहीं. पोट पुढें टोकदार आलें तर मुलगा, पसरट दिसलें तर मुलगी. एका आळींत गोडाचे डोहाळे मुलाचे, तर दुसऱ्या आळींत मुलीचे. चालतांना उजवा पाय आधीं पडला तर मुलगा, ही खूण मात्र आमच्या आयाबायांनीं काढलेली नाहीं. ती सुश्रुताच्या संहितेंत आहे. सम रात्रीं मुलगा आणि विषम रात्रीं मुलगी, हें मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांतलें. वडाच्या कोंबांचा रस गर्भारणीच्या उजव्या नाकपुडींत पिळून मुलगा मागण्याचा पुंसवन विधि भटजींच्या सोळा संस्कारांतला. म्हणजे पोथी शहाण्यांची, आणि अडाणीपणाचा शिक्का तेवढा कुणब्याच्या कपाळीं!

याचें खरें-खोटें पाहाण्यास पोथी नको, बाजारचा हिशेब पुरे. निसर्गानें शंभर मुलींमागें सुमारें १०५ मुलगे जन्मतात. तेव्हां डोळे मिटून "मुलगा" म्हणणाराहि निम्म्याहून अधिक वेळां खरा ठरतो. खरें ठरलें तें गांवभर होतें, चुकलें तें बाळंतिणीच्या खोलींतच राहतें. औषधवाला पुत्रप्राप्तीची पुडी देतो आणि म्हणतो, मुलगी झाली तर पैसे परत. केवढा प्रामाणिक! शंभर जणांकडून पैसे घ्यावे, पन्नासांना परत करावे, उरलेले पन्नास खिशांत. आणि पुडींत राख असली तरी चालते. कांहीं बुवा त्याहून वस्ताद. तोंडानें "मुलगा" सांगतात आणि वहींत "मुलगी" लिहितात. मुलगा झाला तर बोललेलें खरें, मुलगी झाली तर वही उघडून दाखवायची, "तुला वाईट वाटेल म्हणून बोललों नाहीं."

आतां शास्त्र काय म्हणतें तें ऐका. बाईच्या प्रत्येक बीजांत एकाच जातीचें, एक्स नांवाचें गुणसूत्र असतें. पुरुषाच्या बीजांत कधीं एक्स, कधीं वाय. वाय आलें तर मुलगा, एक्स आलें तर मुलगी. तें गर्भ धरतांनाच ठरतें. पुढें पोटाचा आकार, डोहाळे वा वडाचा रस यांनीं त्यांत फरक पडत नाहीं. मनुस्मृतीच त्या स्त्रीला क्षेत्र म्हणते आणि पुरुषाला बीज. बरें, तसें म्हणा. मग हरभरा पेरून शाळू कां उगवला नाहीं म्हणून रानाला चाबकानें मारणारा शेतकरी तुम्हीं कोठें पाहिला आहे काय? सुनेच्या बाबतींत मात्र घरोघर तेंच चालतें.

कोणी म्हणेल, वाट्यांचा खेळ तो खेळ, त्यानें काय बिघडतें? आम्हांला तसें वाटत नाहीं. ज्या घरांत बर्फीची वाटी हलकी, तेंच घर उद्यां यंत्राच्या खोलीबाहेर बांकावर जाऊन बसतें. तेथेंहि उघड कोणी बोलत नाहीं. "पेढे" कीं "जिलेबी" अशा खुणेच्या शब्दांत सांगतात. शब्दसुद्धां आमच्याच पंगतींतले! महाराष्ट्रानें या चाचणीविरुद्ध १९८८ सालींच कायदा केला, देशाचा कायदा १९९४ चा. त्यांत सांगणाऱ्या डॉक्टरास तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि बाईला तपासणीस ओढून नेणाऱ्या नवऱ्याला व नातलगांनाहि शिक्षा आहे. तरी २००१ च्या शिरगणतींत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागें सांगली जिल्ह्यांत ८५१ च मुली होत्या, साताऱ्यांत ८७८. २०१७ सालीं मिरज तालुक्यांत म्हैसाळला गर्भपातांत एक बाई मेली आणि पोलिसांना ओढ्याकाठीं पुरलेले १९ गर्भ सांपडले. आणि त्याच मुलुखांत आज लग्नाचीं पोरें मुलगी मिळत नाहीं म्हणून मध्यस्थांना पैसे मोजताहेत.

याच सातारा जिल्ह्यांतल्या नायगांवीं १८३१ सालीं सावित्रीबाई फुले जन्मल्या. तिसरी-चौथी मुलगी झाली कीं तिचें नांव "नकुसा" ठेवावें, म्हणजे पुढला मुलगा होतो, ही समजूतहि याच जिल्ह्यांतली. ऑक्टोबर २०११ मध्यें सातारा जिल्हा परिषदेनें अशा अडीचशेंहून अधिक मुलींना जाहीर समारंभांत नवीं नांवें दिलीं. पुष्कळींनीं तीं स्वतःच निवडलीं. त्यांतल्या कित्येकींचीं आतां लग्नें झालीं असतील, कोणाकोणाला दिवस गेले असतील. त्यांच्या डोहाळजेवणाचें बोलावणें येईल तेव्हां वाट्या झाकणाऱ्या आत्याबाईंना आमचें एवढेंच विचारणें आहे, कीं दोन्ही वाट्यांत पेढा ठेवायला तुमचें काय जातें?