पिशवी काढली, रिपोर्ट कुठाय?



गर्भाशयात हिमँजिओमा नावाची एक गाठ होते. ती रक्तवाहिन्यांची असते, कॅन्सरची नाही. धमन्या आणि शिरा यांचा थेट गुंता होतो, तोही असाच एक आजार. दोन्हींत बाईच्या अंगावरून इतकं जाऊ शकतं की रक्त चढवावं लागतं. वैद्यकीय पुस्तकं यांना 'दुर्मीळ' म्हणतात. या शब्दाशी माझं भांडण आहे.

दुर्मीळ म्हणजे तपासल्यावर कमी सापडलेलं. पण तपासलंच नाही तर? धमनी-शिरांचा गुंता कलर डॉप्लरवर दिसतो. हिमँजिओमा तर अनेकदा पिशवी काढून ती पॅथॉलॉजीत गेल्यावरच कळतो. जिची पिशवी तिथं गेलीच नाही, तिचा आजार कुठल्या पुस्तकात येणार?

बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर एका ऊसतोड ताईंनी आपली कॅरीबॅग माझ्यापुढे रिकामी केली. सोनोग्राफीचा एक कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, बिल. वय 32. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट नाही. "डॉक्टर म्हणले पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल. मग काय करावं?" खराब म्हणजे नेमकं काय, हे कागदांवर कुठंच नव्हतं.

ही एकटी बाई नाही. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली. 82,309 पैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहातली एक. यात बौद्ध, मातंग, बंजारा, वंजारी सगळ्या आहेत. या सगळ्यांना दुर्मीळ गाठ होती असं मी म्हणत नाही. अंगावरून जाण्याची कारणं बहुतेकदा साधी असतात: फायब्रॉइड, पॉलिप, हार्मोन्सचा बिघाड, जंतुसंसर्ग. साधी असतील तर गोळ्या-औषधांवर का भागलं नाही? आणि दुर्मीळ असेल तर न बघता हात का घातला? धमनी-शिरांचा गुंता असताना क्युरेटिंग केलं तर रक्तस्राव जीवघेणा होऊ शकतो. उलट त्या रक्तवाहिनीचा पुरवठा आतून बंद करून पिशवी वाचवताही येते. पण ती सोय मोठ्या शहरात. वस्तीवर उपाय एकच: काढून टाका.

काही जण म्हणतात, बायांनीच ऑपरेशन मागितलं. अरे, नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एक दिवस पडलं की खाडा. फडावर संडास नाही, पाणी नाही. पाळीच नको असं बाईला वाटायला लावणारी व्यवस्था, आणि त्याला म्हणायचं तिची मर्जी?

1928 साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तर तिच्या विश्रांतीचा काही भार तरी त्यानं उचलावा, हा त्यांचा मुद्दा होता. आज साखर कारखाना म्हणतो, ही आमची कामगारच नाही, मुकादमाला विचारा.

ऑपरेशनला माझा विरोध नाही. कधी कधी तोच योग्य उपचार असतो, जीव वाचवतो. विरोध आहे निदानाशिवायच्या ऑपरेशनला. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत स्वीकारा. त्यात जिल्हा पातळीवर देखरेख समिती आहे. आपल्या जिल्ह्याची समिती शेवटची कधी बसली? माहिती अधिकारात अर्ज टाका.

आणि जयंतीच्या वर्गणीला घरोघर जातो ना आपण, तेव्हा आयाबहिणींना एवढं सांगा: अंगावरून जात असेल तर सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घ्या. कारण लिहून मागा. दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. पिशवी काढलीच, तर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट घेतल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नका.

आपल्या बायकांचे आजार दुर्मीळ नाहीत. त्यांचे रिपोर्ट दुर्मीळ आहेत.

जय भीम!