मोटरसायकलचं इंजिन, व्हॅनचा एक्सल आणि आपला आरटीओ

जुनी मोटरसायकल, मागचं चाक काढलेलं, तिथे भंगारातून आणलेल्या ऑम्नीचा मागचा एक्सल आणि वर लोखंडी पेटी. झाली तीनचाकी. आपल्या भागातल्या वेल्डिंगच्या दुकानांत हे काम आता नवीन राहिलं नाही. कास्तकाराला चार पोती खत अन् पाण्याची टाकी वावरात न्यायची असते. बैलजोडी ठेवणं परवडत नाही, आणि एवढ्याशा कामाला ट्रॅक्टरवाला येत नाही.

या गाड्यांवर लोक दोनच गोष्टी बोलतात. एकतर ‘वा, काय डोकं आहे’ म्हणून व्हिडिओ, नाहीतर ‘बेकायदेशीर आहे, उचला’. मला त्या एक्सलबद्दल बोलायचं आहे, कारण माणूस मरतो तो तिथे.

हिशोब बघा. मोटरसायकलला इंजिनकडे १४ दातांचं स्प्रॉकेट आणि चाकाकडे ४२ दातांचं असेल तर झालं तीनपट. चाकाचा एक फेरा साधारण १.९ मीटर. ऑम्नीच्या डिफरन्शियलमध्येच जवळपास पाचपट असतं आणि तिच्या १२ इंची चाकाचा फेरा १.७ मीटर. मिस्त्रीने जुनी तीनपट तशीच ठेवून पुढे डिफरन्शियल जोडलं की एकूण पंधरापट. ज्या फेऱ्यांवर गाडी आधी ६० ने जायची, तिथे आता ११ ने जाते. इंजिन नुसतं बोंबलतं आणि तापून जाम होतं. रिक्षाच्या इंजिनाला पंखा असतो, मोटरसायकलचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं. ११ च्या स्पीडला वारा कुठून येणार? त्याऐवजी चेनच्या दोन्ही टोकांना सारखे दात ठेवले, तर त्याच फेऱ्यांवर गाडी ३२ ने जाते. ओझ्याच्या गाडीला तेवढं पुरे.

अर्थात चेन आणि पिनियनची दिशा काटकोनात, म्हणून मधे कोनाचा गिअरबॉक्स लागतो. तो उलटा बसला तर सगळे गिअर गाडी मागेच नेतात (हसू नका, होतं असं). ही कटकट नको म्हणून काही जण डिफरन्शियलच काढतात आणि दोन्ही चाकं एका दांड्यावर पक्की करतात. मग वळणावर एक चाक घासत जातं, आणि हँडल वळवलं तरी गाडी सरळच जायला बघते. समोर नाला असला तर?

सगळ्यात वाईट ब्रेक. ऑम्नीच्या मागच्या ड्रमला तेलाचा ब्रेक लागतो, मोटरसायकलच्या पायाला असते सळई. मास्टर सिलिंडर बसवायचा खर्च वाचवला की पाचशे किलोचं ओझं एकट्या पुढच्या ड्रमवर येतं. एका पोराला हेच विचारलं, तर म्हणे, “भाऊ, पळते ना गाडी, मंग काय पायजे?”

कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या (हो, यशवंतराव चव्हाणांचंच जन्मगाव) दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून चालू होणारी जीप केली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, पण तेव्हाच सांगितलं की नियमात बसत नाही म्हणून ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल. बदल्यात बोलेरो दिली. चांगलंच झालं, पण प्रत्येक मिस्त्रीला कोणी बोलेरो देणार नाही.

आणि कायद्यात जागा होतच नाही असंही नाही. सौराष्ट्रातला बुलेटच्या इंजिनाचा छकडा पुढे राजकोटच्या कारखान्यात बनू लागला. ई-रिक्षा २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने बंद केल्या, त्याच वर्षी केंद्राने नियम केले आणि २५ किमीच्या वेगमर्यादेत त्या कायदेशीर झाल्या. दिव्यांगांसाठी गाडीत बदल करायची वाट तर कलम ५२ मध्येच आहे. आपल्या किती जणांना ती माहीत आहे?

कुमारप्पांनी ज्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ चालवला, तिथे आज ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था आहे. जिल्ह्यात आयटीआय आहे, सेवाग्रामला इंजिनिअरिंग कॉलेज आहे. महिन्यातून एक दिवस या मिस्त्र्यांना बोलवा, दात मोजायला शिकवा, ब्रेकचं टेस्टिंग करून द्या. वावरापुरत्या, ठरलेल्या वेगाच्या आणि वजनाच्या गाडीसाठी नियम करा असा प्रस्ताव आमदार-खासदारांनी वर पाठवावा. तोपर्यंत, मिस्त्री भाऊ, गाडी करणारच असाल तर रंगाचे पैसे वाचवा आणि मास्टर सिलिंडर बसवा. आणि त्या पेटीत शाळेची पोरं बसवू नका.