लंगडीत दुसरा पाय टेकवायला काय हरकत आहे?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे, आणि आज जरा भांडायच्या तयारीत आहे. तेव्हा मंडळी, सांभाळून घ्या.

निमित्त झालं एका सेलचं. नातीने माझ्याच कॉम्प्युटरवर एका ऑनलाइन दुकानाचं पान उघडून दाखवलं. "आजी, तुझा तो मंगळावरच्या भुतांचा गेम बघ, किती स्वस्त झालाय!" बघते तर खरंच, सिनेमाच्या एका तिकिटापेक्षा कमी पैशांत 'डूम ३'. तेवढ्याच पैशांत दोन आवृत्त्या. एक मूळची, २००४ सालची. दुसरी २०१२ साली सुधारून काढलेली, 'बीएफजी एडिशन' नावाची. सुधारून! या शब्दावरच माझं भांडण आहे.

आधी एक खुलासा. होय, मी गेम खेळते. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, विषय भूगोल, बी.ए. मराठी माध्यमातून. "या वयात हे कसले रक्तपाताचे खेळ?" असं विचारणाऱ्यांना मी हल्ली उत्तर देत नाही. रहस्यकथा वाचणाऱ्या माझ्या मैत्रिणींना "या वयात हे कसले खून?" असं कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

तर २००५ साली आमचे चिरंजीव नोकरीला पुण्याला गेले आणि त्यांचा कॉम्प्युटर घरी राहिला. त्यात हा गेम होता. (सीडी कुठून आणली होती ते विचारू नका. वीस वर्षांनी का होईना, पैसे चुकते केले आहेत.) शाळेचे पेपर तपासून झाले की रात्री मी खेळायला बसायची. तेव्हा भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि माझ्या खेळण्याचं वेळापत्रक त्यावरून ठरायचं. तरी अवेळी वीज जायचीच. पडद्यावरही अंधार आणि घरातही अंधार. आमचे हे शेजारी खुर्ची टाकून चहा पीत बसायचे आणि मधूनच "मागे! मागे बघ!" म्हणून ओरडायचे. भुतापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साल २१४५. मंगळावर एका बड्या कंपनीचं संशोधन केंद्र आहे, तिथे नवीन आलेला सैनिक म्हणजे आपण. पहिला थोडा वेळ काहीच घडत नाही. माणसं कामं करताहेत, कुरकुरताहेत, एक शास्त्रज्ञ बेपत्ता आहे, त्याला शोधून आणा म्हणून आपल्याला पाठवतात. मग नरकाचं दार उघडतं (अक्षरशः), दिवे जातात, आणि मघाशी ज्यांना बघितलं तीच माणसं अंगावर यायला लागतात. मेलेल्यांचे छोटे संगणक सापडतात. त्यांत त्यांची पत्रं, तक्रारी आणि बोलून ठेवलेल्या नोंदी असतात. कपाटांची कुलुपं उघडायचे आकडेसुद्धा त्यातूनच शोधायचे. हा भाग मला फार आवडतो. दुसऱ्यांच्या वह्या वाचायची सवय, दुसरं काय!

या सगळ्या काळोखात आपल्याला एक टॉर्च मिळतो. (आमच्या गावाकडे त्याला बॅटरीच म्हणतात.) आता खरी मेख. हातात टॉर्च असेल तर बंदूक नाही आणि बंदूक असेल तर टॉर्च नाही. 'एफ' दाबला की टॉर्च हातात येतो. समोर कोणी दिसलं की घाईने बंदूक घ्यायची, आणि बंदूक हातात येते त्या क्षणी समोरचा परत अंधारात नाहीसा! आत्ता तर इथे होता. मग अंदाजाने गोळी झाडायची. गोळीच्या उजेडात क्षणभर खोली दिसते. तो आगीचे गोळे फेकणारा राक्षस असेल तर त्याच्याच आगीच्या उजेडात तो दिसतो. फारच अंगाशी आलं तर टॉर्चनेच डोक्यात हाणायचं, तीही सोय आहे. संगीत जवळजवळ नाहीच. वाफेचा फुसकारा, पाइपांची खडखड, कुणाचा तरी श्वास. आणि सावल्या अशा काळ्या की कडा कात्रीने कापल्यासारख्या. (या सावल्यांच्या गणिताची एक गंमत आहे. २०११ साली गेमचा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला केला, तेव्हा जॉन कारमॅक या मूळ प्रोग्रामरला त्यातला सावल्यांचा काही भाग बदलून लिहावा लागला, कारण त्या रीतीचं पेटंट दुसऱ्याच एका कंपनीकडे होतं. आता सावलीवरही पेटंट! असो.)

लोकांनी काय केलं? गेम २००४ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला आणि लगेच तक्रार सुरू झाली. बावीसाव्या शतकातल्या सैनिकाला बंदुकीला टॉर्च बांधता येत नाही? मंगळावर चिकटपट्टी मिळत नाही? थोड्याच दिवसांत हौशी मंडळींनी बंदुकीला टॉर्च चिकटवून देणारी जोडणीही तयार केली. तिचं नावच 'डक्ट टेप', म्हणजे चिकटपट्टी. ही थट्टा मला आवडली होती, अजूनही आवडते. ज्याला हवी त्याने लावावी, नको त्याने लावू नये.

पण २०१२ साली खुद्द कंपनीनेच ते मनावर घेतलं. नव्या आवृत्तीत टॉर्च चिलखतावर बसवला. बंदूक हातात आणि उजेड छातीवर. त्याची बॅटरी मधूनमधून उतरते आणि आपोआप भरते, एवढीच काय ती गैरसोय. शिवाय गोळ्या जास्त आणि एकूण उजेडही जास्त. जुनी रीत हवी असेल तर? मेनूत तसा पर्यायच नाही. २०१९ साली नव्या खेळयंत्रांवर हा गेम आला तोही हीच सुधारित प्रत घेऊन. म्हणजे ज्याच्याकडे फक्त तसलं यंत्र आहे, त्याला मूळ खेळ काय होता हे कधी कळणारच नाही.

मी काय केलं, आधी नवी आवृत्ती खेळले. नात म्हणाली, "आजी, ती घे, त्यात टॉर्चचं फिक्स केलंय." आणि खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत. डाव्या हाताची बोटं सकाळी वळत नाहीत. 'एफ' दाबून परत बंदुकीचं बटण दाबेपर्यंत समोरचा मला दोनदा मारून जातो. पूर्वी शेवटी शेवटी आम्ही ती विभागणीच करून टाकली होती. मी बंदूक चालवायची आणि मी "टॉर्च!" म्हटलं की यांनी 'एफ' दाबायचा. नेहमी उशिरा दाबायचे. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. तेव्हा चिलखतावरच्या टॉर्चची गरज कुणाला असेल तर ती मला आहे.

पाच-सहा रात्री खेळले. झरझर पुढे गेले. कुठे अडले नाही, कुठे दचकले नाही. सहाव्या रात्री लक्षात आलं की खेळता खेळता मी दुसऱ्या दिवशीच्या भाजीचा विचार करते आहे. हा त्या गेमचा अपमान आहे हो!

मग जुनी काढली. तिथे एक प्रसंग आहे. प्रयोगशाळांच्या भागात एक शास्त्रज्ञ भेटतो, त्याच्या हातात कंदिलासारखा दिवा आहे. पुढचा सगळा भाग काळाकुट्ट. तो उजेड दाखवत पुढे चालतो आणि आपण बंदूक रोखून त्याच्यामागून जायचं. इतका वेळ जी निवड करून करून जीव मेटाकुटीला आलेला असतो ती इथे काही मिनिटांपुरती सुटते, कारण दुसरा माणूस आहे. उजेड त्याच्याकडे, शस्त्र आपल्याकडे. तो जरा पुढे गेला की आपण धावतो. अंधारातून कोणी त्याच्यावर झडप घातली की स्वतःचा जीव सोडून आधी त्याला वाचवतो. तो मेला तर पुढची वाट आपली आपण शोधायची. वीस वर्षांपूर्वी या जागी मला घाम फुटला होता, आणि आताही फुटला.

हाच प्रसंग नव्या आवृत्तीतही आहे. तोच माणूस, तोच दिवा. पण माझ्या छातीवर टॉर्च लखलखतोय! मग हा बिचारा दिवा घेऊन पुढे कशाला चाललाय? मी पहिल्यांदा नवी खेळले तेव्हा मला तो आडवा येत होता, रस्त्यातून बाजूला हो म्हणावंसं वाटत होतं. एक बारीक गोष्ट सोयीची केली आणि दहा ठिकाणची वीण उसवली. ती उसवलेली दिसतही नाही, कारण वरून सगळं जागच्या जागी आहे.

आता तो तर्काचा मुद्दा. भविष्यातल्या सैनिकाला टॉर्च बांधता येत नाही हे पटत नाही म्हणे. नाहीच पटत. मलाही पटत नाही. पण लंगडीत ज्याच्यावर राज्य आहे त्याला दोन पाय असतात की! मग तो एकाच पायावर का उड्या मारतो? टेकव की दुसरा. हुतूतूत चढाई करणाऱ्याने दम का कोंडायचा, नाक आहे ना? लहान पोरांना हे प्रश्न पडत नाहीत, कारण त्यांना ठाऊक असतं की दुसरा पाय टेकवला की उरते ती नुसती पळापळी. पळापळी वाईट असते असं नाही. पण तिला लंगडी म्हणू नका, आणि "आम्ही लंगडी सुधारली" असं तर मुळीच म्हणू नका.

"म्हातारीला जुनं ते सोनं वाटतं," असं कोणी म्हणेलच. अजिबात नाही. जुन्या 'डूम ३' मध्ये भिंतीतलं कपाट धाडकन उघडून मागून भूत सोडायची जी खोड आहे ती तिसऱ्या वेळेनंतर कंटाळवाणी होते. औषधाची डबी एकटीच कोपऱ्यात ठेवलेली दिसली की समजावं, भिंतीत कोणीतरी आहे. ती खोड सुधारायला हवी होती, पण ती नव्यातही आहे. आणि नव्या आवृत्तीत आजच्या रुंद पडद्यावर चित्र आपोआप नीट बसतं, जुनीला त्यासाठी नातीला अर्धा तास खटपट करावी लागली. त्याबद्दल सुधारणाऱ्यांना पैकीच्या पैकी मार्क. माझा राग सोयीवर नाही. खेळाच्या मुळातली अडचण आणि बाहेरची कटकट यांतला फरक न ओळखण्यावर आहे.

हा फरक न ओळखण्याचं पाप मीही केलेलं आहे, म्हणून जास्त झोंबतं. मी मुलांना महाराष्ट्राचा नकाशा कोऱ्या कागदावर हाताने काढायला लावायची. वेडावाकडा यायचा, कोकण फुगायचं, विदर्भ आक्रसायचा. पालकांनी तक्रार केली, मुलांचा वेळ जातो, प्लॅस्टिकचे साचे मिळतात की बाजारात. मुद्दा चुकीचा नव्हता. मी मान्य केलं. त्या वर्षीपासून सगळ्यांचे नकाशे सुबक यायला लागले. दोन वर्षांनी एका हुशार मुलीने त्या सुबक नकाशात रत्नागिरी नांदेडच्या जागी टाकली आणि तिला काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. हाताने किनारा काढणारं पोर अशी चूक करत नसे, कारण तो किनारा काढताना त्याने चारदा खोडलेला असायचा. साचे मी परत बंद केले नाहीत. धीर झाला नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. या गेममध्ये सुरुवातीलाच सोपं-अवघड निवडायला देतात. सगळ्यात सोप्या पातळीचं नाव 'रिक्रूट'. मी तीच घेते, आणि वर प्रत्येक दाराआधी गेम सेव्ह करून ठेवते, त्याची मला काडीची लाज वाटत नाही. तसंच टॉर्चचं करता आलं असतं. हातात की चिलखतावर, मेनूत एक ओळ वाढली असती. ज्याची बोटं वळत नाहीत त्याने चिलखतावरचा घ्यावा, मीही एखाद्या वाईट दिवशी घेईन. पण तो मी घेईन. तुम्ही माझ्यासाठी आधीच बसवून, वर त्याला दुरुस्ती म्हणून माझ्या गळ्यात घालू नका.

सध्या जुनीच चालू आहे, त्याच प्रयोगशाळांच्या भागात. काल त्या दिवेवाल्याला चौथ्यांदा मारू दिलं. पाचव्यांदा नात शेजारी बसली आणि म्हणाली, "मी 'एफ' दाबते." तिला सांगितलं, इथे लागत नाही गं, इथे त्याच्याकडे आहे दिवा. ती म्हणाली, "मग मी काय करू?" म्हटलं, तू मागे बघ.