उरलेले लिंबूफूल टाकावे की ठेवावे?

रमजानमध्ये शरबतासाठी लिंबूफूल, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, बऱ्याच घरांत आणले जाते. ईद झाली की उरलेली पुडी मसाल्याच्या डब्यांमागे जाते. पावसाळा संपल्यावर ती हाती लागते तेव्हा आतले दाणे घट्ट ढेकूळ झालेले असतात. बहिणींनो, असे लिंबूफूल लगेच फेकू नका.

लिंबूफूल साखर-मिठासारखे असते. कोरडे राहिले तर त्याला बुरशी लागत नाही. पाकिटावर बहुधा २-३ वर्षांची मुदत असते. गुठळी झाली म्हणजे हवेतली ओल लागली, एवढेच. कोरड्या खलात कुटून ते मुदतीत निर्धास्त वापरा. मात्र रंग बदलला, पाणी सुटले किंवा दुसरा वास येऊ लागला, तर ते खाण्यात नको.

पुडी आणल्या दिवशीच काचेच्या कोरड्या बरणीत भरा. झाकण प्लास्टिकचे असावे. पत्र्याचे झाकण आंबटपणाने गंजते. बरणी शेगडी आणि मोरीपासून दूर ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, कारण बाहेर काढताच गार बरणीवर दव धरते. चमचा नेहमी कोरडाच घाला. पाण्यात विरघळवूनही साठवू नका; त्या पाण्याला बुरशी येते. लागेल तेवढेच ताजे कालवा.

बरणीवर नाव आणि तारीख न विसरता लिहा. साखर, तुरटी, खायचा सोडा, कॉस्टिक सोडा हे सारे पांढरेच दिसते. इफ्तारच्या घाईत हात चुकला तर जिवावर बेतू शकते. नाव नसलेली पुडी चाखून ओळखू नका, सरळ टाकून द्या.

काही बहिणी पाकिटावरचा ३३० हा आकडा पाहून बिचकतात. तो सायट्रिक ॲसिडचाच क्रमांक आहे. कारखान्यात ते साखरेवर किंवा मळीवर विशिष्ट बुरशी वाढवून बनवतात. प्राण्यांच्या चरबीशी त्याचा संबंध नाही.

एका लिंबाच्या आंबटपणाला पाव लहान चमचा पुरतो. म्हणजे ५० ग्रॅमच्या पुडीत सुमारे ४० लिंबांचे काम होते. म्हणून लहान पुडीच घ्या. मुदत संपलेले लिंबूफूल गरम पाण्यात घालून किटलीतले क्षार काढायला वापरा, पण ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका; त्यातून विषारी वायू निघतो. इस्राफ टाळायचा तो असा, बेताने आणून आणि नीट जपून.