शुश्रूषा करणाऱ्यांना उसंत कोण देणार?

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले सासरे किंवा स्मृतिभ्रंश झालेली आई ज्या घरात आहे, त्या घरी येणारा प्रत्येक जण रुग्णाच्या प्रकृतीची विचारपूस करतो. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीची विचारपूस सहसा होत नाही. झालीच तर 'मोठे पुण्य पदरात पडते आहे' असे म्हणून तिची बोळवण केली जाते. पुण्याच्या या भाषेत श्रमाचा हिशेब बुडतो, आणि एकदा हिशेब बुडाला की अन्यायाचे नाव घेणेही अवघड होऊन बसते.

हे श्रम किती कठीण असतात ते पाहिले पाहिजे. ज्याला स्वतः हालता येत नाही अशा रुग्णाच्या अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून साधारणतः दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, त्याची कूस बदलावी लागते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला अनेकदा दिवस आणि रात्र यांतील भेदच उरत नाही. साहजिकच शुश्रूषा करणारीला सलग झोप मिळत नाही, तिची पाठ धरते, स्वतःचे औषध घ्यायचे राहून जाते. मग एखादा कठोर शब्द तोंडून जातो आणि मागाहून अपराधीपणाची टोचणी लागते. हा स्वभावाचा दोष नव्हे. थकलेल्या शरीराची ती हाक आहे.

या थकव्यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे स्वतःसाठी वेळ काढावा, मन प्रसन्न ठेवावे, प्राणायाम करावा. सल्ला वाईट नाही. परंतु त्या अर्ध्या तासात रुग्णाजवळ कोणी बसायचे, हा खरा प्रश्न त्यात अनुत्तरितच राहतो. स्टीव्हन झारिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली अमेरिकेत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांचा अभ्यास केला. पाहणी लहान होती, पण तिचा निष्कर्ष बोलका होता. काळजी घेणाऱ्यांना जाणवणारा भार रुग्णाच्या विकारांच्या तीव्रतेवर अवलंबून नव्हता. कुटुंबातील इतर माणसे रुग्णाकडे किती वेळा येत होती, यावर तो अवलंबून होता. म्हणजे माणसाला मोडते ते केवळ दुखणे नव्हे, एकटेपणाही मोडतो. ताणाचे मूळ पुष्कळ अंशी श्रमाच्या विषम वाटणीत आहे.

ही वाटणी आपल्याकडे कशी आहे? 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार 15 ते 59 या वयोगटातील 41 टक्के स्त्रिया घरातील माणसांची देखभाल करतात आणि त्यासाठी दिवसाला सुमारे 140 मिनिटे देतात. पुरुषांपैकी 21.4 टक्केच हे काम करतात, आणि तेही सुमारे 74 मिनिटे. या आकड्यांत मुलांचे संगोपनही आले. तरी भार कोणाच्या खांद्यावर आहे हे स्पष्ट होण्यास ते पुरेसे आहेत. शिवाय राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत या श्रमांना स्थान नाही. अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी 1920 साली ही विसंगती दाखवून दिली होती: एखाद्याने घरकाम करणाऱ्या पगारी बाईशीच लग्न केले, तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. आया ठेवली तर तिचा पगार उत्पन्नात धरला जातो. सुनेने तेच केले तर किंमत शून्य.

कायद्याची दृष्टीही याहून वेगळी नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसंबंधीच्या 2007 च्या कायद्याने अपत्यांवर निर्वाहाची जबाबदारी टाकली आणि दरमहा 10,000 रुपयांची कमाल मर्यादा घातली. त्या कायद्यातील अपत्यांच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातवंडे आली. जी प्रत्यक्षात रात्री उठते ती सून आली नाही, आणि तिच्या विश्रांतीचा तर विचारच नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या 2016 च्या कायद्याने काळजीवाहकाची व्याख्या केली, अधिक साहाय्याची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख केला. पण सारे काही शासनाच्या 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत'.

याहून वेगळे करता येते. जर्मनीत 1995 पासून शुश्रूषा विमा आहे; घरी काळजी घेणाऱ्या नातेवाइकाच्या वतीने निवृत्तिवेतनाचा हप्ता ठरावीक अटींवर त्यातून भरला जातो आणि तो आजारी पडला वा रजेवर गेला तर बदली माणसाचीही तरतूद असते. जर्मनी श्रीमंत आहे, हे खरे. पण केरळ श्रीमंत नव्हते. 1993 साली कोझिकोडे येथे सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेतून पुढे गावोगावच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले, आणि 2008 मध्ये राज्य शासनाने त्यासाठी धोरण जाहीर केले. शेजारी प्रशिक्षण घेऊन रुग्णाच्या घरी जातात, तेव्हा घरच्या माणसाला तासभर मोकळीक मिळते.

मध्यमवर्गाने शोधलेला मार्ग मात्र निराळा आहे. तो बारा तासांसाठी आया ठेवतो आणि शक्य तितके कमी पैसे देतो. थकवा नाहीसा होत नाही, तो एका स्त्रीकडून दुसऱ्या, अधिक गरीब स्त्रीकडे सरकतो. आयांना योग्य वेतन आणि साप्ताहिक सुटी मिळावी, ही मागणी म्हणूनच या प्रश्नापासून वेगळी काढता येणार नाही.

शासनाकडे मागणी करायची ती आठवड्यातून काही तास बदली माणूस, प्रत्येक तालुक्यात अल्पकाळ रुग्ण ठेवण्याची सोय आणि काळजीवाहक भत्ता यांची. परंतु तोवर घरात व्हावयाचे काम थांबण्याचे कारण नाही. भावंडांनी एकत्र बसून कामे लिहून वाटून घ्यावीत. मुंबईच्या भावाने पैसे पाठवल्याने रात्रीची कूस बदलत नाही. महिन्यातून चार दिवस त्याने स्वतः येऊन राहिले पाहिजे. शुश्रूषा करणारीला आठवड्याचा एक ठरलेला दिवस सुटी असावी, आणि ती तिने मागावी लागू नये. रुग्णाला उचलण्याची रीत परिचारिकेकडून सर्वांनीच शिकून घ्यावी.

समतेच्या कार्यकर्त्याला या प्रश्नाने थोडे अस्वस्थ केले पाहिजे. तो मोर्चात असतो, शिबिरात असतो, रात्री उशिरा घरी परततो; त्याच्या वडिलांचे अंथरूण मात्र दिवसभर त्याच्या पत्नीने बदललेले असते. कष्टकऱ्यांच्या आठ तासांसाठी भांडणाऱ्याने आपल्याच घरातील चोवीस तासांच्या पाळीकडे काणाडोळा करणे शोभत नाही. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील अशी घरे शोधून बदलीला बसणाऱ्यांची यादी करावी. तिच्यात पहिली नावे पुरुषांची असावीत.