मोफत उपचार आणि बुडालेला रोज

दर ऑक्टोबरमध्ये गुलाबी फिती लावून स्तनांच्या कर्करोगाविषयी जागृतीचे सोहळे होतात. त्यांचा मथितार्थ बहुधा एकच असतो : बाई अडाणी आहे, म्हणून उशिरा येते. हे निदान चुकीचे आहे आणि सोयीचेही आहे. दोष बाईच्या माथी मारला की शासनाला काही करावे लागत नाही.

करवीर वा कागल तालुक्यातील शेतमजूर स्त्रीच्या हाताला गाठ लागते, पण ती दुखत नाही. म्हणून भांगलण उरकेपर्यंत ती थांबते. या थांबण्यात अज्ञानापेक्षा हिशेब अधिक आहे. केमोथेरपी बहुधा दर तीन आठवड्यांनी, अशी काही महिने चालते. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, तीन ते पाच आठवडे. एवढे रोज बुडाले तर चूल कशावर पेटावी? काखेतील गाठी काढल्यावर हाताला सूज येण्याचा धोका राहतो. मग वैरणीचा भारा उचलणे, म्हशीची धार काढणे जड जाते. कोल्हापूरच्या दूध सहकाराचे गोडवे गाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की तो डोलारा अशाच हातांवर उभा आहे.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा दाखला लगेच दिला जाईल. ती योजना टिकलीच पाहिजे. परंतु ती रुग्णालयाचे बिल भागवते, बुडालेली मजुरी नव्हे. याउलट १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कामगार राज्य विमा योजनेत कर्करोगग्रस्त पात्र कामगाराला वेतनाच्या ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. म्हणजे तत्त्व मान्यच आहे. फक्त शेतमजूर, मोलकरीण आणि जिला शासन 'स्वयंसेविका' म्हणते ती आशा त्यातून वगळलेल्या आहेत.

यंत्रे महाग आहेत, ही सबबही अपुरी आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांकरवी हातानेच तपासणी करवून घेतली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशीच्या पुढील स्त्रियांतील मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. हे काम पगारी आरोग्यसेविका करू शकतात. मानधनावर राबवलेल्या आशांच्या माथी ते फुकटात मारू नये. २०२२ च्या अंदाजानुसार देशात या रोगाने वर्षात सुमारे ९८ हजार स्त्रिया दगावल्या.

राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले ते कायद्याने. दानशूरांच्या मर्जीवर सोडले नाही. त्याच करवीरनगरीत आज आरोग्याचा हक्क शिबिरांच्या फलकांवर लटकतो आहे. पक्षकार्यकर्त्यांनी आणि कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात तीन कलमे घालावीत : गावोगाव नियमित तपासणी, जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयातच संपूर्ण उपचार, आणि उपचारकाळात असंघटित स्त्रीला किमान वेतनाइतका भत्ता. तिसरे कलम मिळेपर्यंत पहिली दोन अपुरीच राहतील, कारण रोज बुडण्याच्या भीतीने बाई तपासणीच्या रांगेतही उभी राहणार नाही.